सार्वजनिक आरोग्याची पदवी आणि छेदाचा प्रश्न

बारा आरोग्यकेंद्रांचा मासिक अहवाल समोर आहे. अतिसाराचे रुग्ण मागच्या महिन्यात ४८०, या महिन्यात ३६०. म्हणजे पंचवीस टक्के घट. सार्वजनिक आरोग्यात पदव्युत्तर पदवी घेतलेल्या व्यक्तीने या घटीची कारणे शोधण्याआधी एक गोष्ट पाहायला हवी: अहवाल किती केंद्रांकडून आला, म्हणजे भागाकाराचा छेद किती? तीन केंद्रांनी काहीच पाठवले नसेल आणि संगणकाने त्यांच्या रिकाम्या रकान्यांत शून्य भरले असेल, तर घट वगैरे काही झालेली नाही. बारा केंद्रांचे ४८० म्हणजे केंद्रामागे ४०, आणि नऊ केंद्रांचे ३६० म्हणजेही केंद्रामागे ४०च. ‘रुग्ण आढळला नाही’ आणि ‘कळवलेच नाही’ या बाबी पूर्ण वेगळ्या. तक्त्यात मात्र दोन्ही सारख्याच दिसतात.

हे तपासायला अवघड गणित लागत नाही. तरी दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून लॉजिस्टिक रिग्रेशनसारखी सांख्यिकी पद्धत सफाईने चालवून दाखवणारे कितीतरी विद्यार्थी इथेच अडखळतात. यात त्यांच्या हुशारीचा दोष नाही. वर्गात हाती पडणारी प्रत्येक फाइल आधीच कोणीतरी साफ करून ठेवलेली असते: दुबार नोंदी काढलेल्या, तारखा एका साच्यात बसवलेल्या, गहाळ माहितीला ठरलेला कोड दिलेला. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात जे काम पुढ्यात येणार, तेच काम पदवीभर दुसऱ्या कोणीतरी उरकून ठेवलेले असते.

माझे म्हणणे सरळ आहे. या शिक्षणाचा किमान निम्मा काळ चालू आरोग्ययंत्रणेत, जबाबदार मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली, कच्च्या माहितीवर काम करण्यात जावा. आणि शेवटच्या सत्रात काही शे लोकांकडून प्रश्नावली भरून घेऊन जो प्रबंध उभा केला जातो, तो बंद करून पदवी या कामावर द्यावी.

जॉन स्नोचे नाव पहिल्याच तासाला येते. १८५४, लंडन, कॉलऱ्याची साथ, ब्रॉड स्ट्रीटचा पंप, काढून टाकलेला दांडा. नकाशा दाखवला की तास पुढे सरकतो. त्याच साथीत त्याने केलेले दुसरे काम शिकवण्यासारखे अधिक आहे, आणि नेमके तेच घाईत उरकले जाते. दक्षिण लंडनच्या बऱ्याच भागात दोन कंपन्यांचे नळ एकाच रस्त्यावर, शेजारशेजारच्या घरांत गेलेले होते. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी टेम्सचे पाणी शहराचे सांडपाणी मिसळलेल्या पट्ट्यातून उचलत होती. लॅम्बेथ कंपनीने आपले ठिकाण १८५२ मध्ये नदीच्या वरच्या अंगाला हलवले होते. प्रत्येक मृत्यू झालेल्या घरात कोणाचे पाणी येते हे स्नोला हवे होते, आणि घरातल्या लोकांना ते अनेकदा सांगता येत नसे. मग त्याने पाण्याचा नमुना घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेट घालून पाहिले. एका कंपनीच्या पाण्यात दुसरीच्या सुमारे चाळीसपट मीठ होते, त्यामुळे तयार होणाऱ्या साक्यावरूनच कंपनी ओळखता येई.

ही झाली अंशाची, म्हणजे मृत्यू मोजण्याची, बाजू. छेदासाठी, म्हणजे एकूण घरांच्या संख्येसाठी, त्याने संसदेला सादर झालेल्या विवरणातले आकडे घेतले: साउथवर्क अँड व्हॉक्सहॉलची ४०,०४६ घरे, लॅम्बेथची २६,१०७. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत पहिलीच्या घरांत १,२६३ मृत्यू, म्हणजे दहा हजार घरांमागे ३१५. दुसरीच्या घरांत ९८, म्हणजे दहा हजारांमागे ३७.

या आकड्यांवर पूर्ण आठवडा घालवावा, इतके त्यांत आहे. लोकांना स्वतःलाच माहीत नसलेला (इथे दूषित पाण्याशी आलेला) संपर्क कसा मोजायचा? छेद दुसऱ्याने, दुसऱ्याच कामासाठी गोळा केलेला असेल तर त्यावर किती विसंबायचे? विवरण आधीच्या वर्षाचे आणि मृत्यू या वर्षाचे, याने काय बिघडू शकते? छेद घरांचा आहे, माणसांचा नाही. एका कंपनीच्या घरांत माणसे जास्त असतील तर गुणोत्तर किती हलेल? त्या फरकाने सुमारे साडेआठपटीचे अंतर पुसले जाईल का? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. चूक आहे हे दाखवणे सोपे असते. ती चूक निष्कर्ष उलटवण्याइतकी मोठी आहे का, हे मोजणे हेच या शास्त्राचे काम. ते जमलेल्या विद्यार्थ्याला नंतर कोणतेही सॉफ्टवेअर शिकवता येते.

शिक्षण आणि प्रत्यक्ष काम यांच्यातली ही फट जुनी आहे. १९१५ मध्ये विल्यम वेल्च आणि विक्लिफ रोझ यांनी अमेरिकेतल्या रॉकफेलर संस्थेसाठी सार्वजनिक आरोग्याच्या शिक्षणाचा आराखडा केला. रोझचा भर गावोगावी काम करणारे आरोग्य अधिकारी घडवण्यावर होता; वेल्चला विद्यापीठाच्या आश्रयाने चालणारी संशोधनसंस्था हवी होती. पारडे वेल्चकडे झुकले. १९१६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात स्थापन झालेल्या विद्यालयाने संशोधनाचा तो वसा घेतला आणि जगभरच्या विद्यालयांनी तो उचलला. संशोधन बहरले, त्याचे ऋण मान्यच आहे. प्रत्यक्ष तपासाचे शिक्षण मात्र विद्यापीठाबाहेर वाढले. १९५१ मध्ये अलेक्झांडर लँगम्यूर यांनी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रात ‘एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस’ सुरू केली: दोन वर्षे, थोडे वर्ग, आणि बाकी सगळा काळ चालू साथींच्या मागे. पुढे याच धर्तीचे क्षेत्रीय साथरोगशास्त्राचे कार्यक्रम अनेक देशांत उभे राहिले. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीने १९९१ मध्ये हे शिक्षण पदव्युत्तर पदवीत आणले. तिथला विद्यार्थी बहुतेक काळ आरोग्य खात्यात किंवा तत्सम संस्थेत नेमलेला असतो. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेतही पदवीशी जोडलेला असा कार्यक्रम चालत आला आहे. म्हणजे मी मागतो आहे ते कुठेतरी सिद्ध झालेले आहे. फक्त ते निवडक जागांपुरते राहिले, आणि सर्वसाधारण पदवी जुन्याच वाटेने गेली.

मान्यता देणाऱ्या संस्थांना हे कळत नाही असेही नाही. अमेरिकेत एम.पी.एच.ला, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर पदवीला, मान्यता देणाऱ्या परिषदेच्या २०१६ च्या निकषांत ४२ क्रेडिटच्या पदवीत प्रत्यक्ष कामाचा अनुभव सक्तीचा आहे. त्यातून किमान दोन उपयोगी कामे तयार व्हावीत आणि किमान पाच क्षमता दिसाव्यात, असे बंधन आहे. दिशा बरोबर आहे, मात्रा अपुरी. दोन कामे एका उन्हाळी सुटीत उरकता येतात: एक माहितीपत्रक, एक सादरीकरण, आणि रकाना भरला.

आता प्रबंधाकडे वळू. शेवटचे सत्र पाच-सहा महिन्यांचे असते. विषय ठरवून मसुदा करण्यात महिना जातो, नैतिकता समितीच्या मंजुरीत सहा ते आठ आठवडे, विश्लेषण आणि लेखनात आणखी सहा. माहिती गोळा करायला जेमतेम चार-पाच आठवडे उरतात. इतक्या वेळात बसणारा एकच साचा आहे: अमुक विषयाबद्दलचे ज्ञान, दृष्टिकोन आणि वर्तन. मग नमुन्याचा आकार ३८४ येतो. हा आकडा इतक्या प्रबंधांत दिसतो की तो कुठून येतो हे विचारायचेच राहून जाते. प्रमाण ५० टक्के धरले, पाच टक्क्यांची चूक चालवून घेतली आणि ९५ टक्के विश्वासमर्यादा ठेवली की ३८४ येतात. पण ते मोठ्या लोकसंख्येतून साध्या यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या माणसांसाठी. प्रत्यक्षात विद्यार्थी बाह्यरुग्ण विभागाच्या दाराशी उभा राहतो आणि येईल त्याला विचारतो. त्या निवडीला तो आकडा लागूच होत नाही.

समजा त्याने वस्त्या निवडून प्रत्येक वस्तीतून २० माणसे घेतली. एका वस्तीतली माणसे एकमेकांसारखी असतात; त्यांच्यातला परस्परसंबंध ०.०५ धरला तरी डिझाइन इफेक्ट (गटागटाने निवड केल्यामुळे नमुना जितक्या पटीने वाढवावा लागतो तो आकडा) १ + १९ × ०.०५, म्हणजे १.९५ होतो. ३८४ चे ७४९ होतात. दहा टक्के लोक नकार देतील असे धरले तर ८३२. चार आठवड्यांत एका माणसाकडून हे होत नाही, म्हणून प्रबंधात डिझाइन इफेक्ट १ धरला जातो किंवा त्याचा उल्लेखच टाळला जातो. इथून पुढचे सगळे अंदाज असायला हवेत त्यापेक्षा जास्त नेमके दिसतात.

पुढे प्रश्नावली. ‘जेवणाआधी साबणाने हात धुता का?’ यावर हो म्हणायला काही लागत नाही, आणि विचारणारा आरोग्य खात्याचे ओळखपत्र लावून आलेला असला तर नाही म्हणणे जड जाते. त्याऐवजी हात धुण्याची जागा दाखवा म्हणावे, तिथे पाणी आहे का, साबण आहे का, तो ओला आहे का कोरडा, हे डोळ्यांनी पाहून लिहावे. यात एका घरामागे दोन-तीन मिनिटे जास्त जातात. नंतर उत्तरांना गुण देऊन मध्यकाच्या वर ‘चांगले ज्ञान’, खाली ‘अपुरे ज्ञान’ असे दोन गट पाडले जातात. म्हणजे लोकांना कितीही माहिती असो, साधारण निम्मे लोक अपुऱ्या ज्ञानाचे ठरणारच. मग वीस घटकांशी संबंध तपासणारी काय-स्क्वेअर चाचणी. प्रत्येकीत चुकून ‘अर्थपूर्ण’ निकाल येण्याची शक्यता पाच टक्के, तर वीस स्वतंत्र चाचण्यांत निदान एक तरी तसा निकाल येण्याची शक्यता ६४ टक्के. तो एक निकाल चर्चेच्या प्रकरणाचा कणा होतो. शेवटी ‘जनजागृती वाढवावी’ अशी शिफारस येते. ती सर्व्हेच्या आधीही लिहिता आली असती.

हे कठोर वाटेल. पण दोन वर्षे शिकलेल्या तरुण माणसाची शेवटची कसोटी अशी असावी, आणि काही शे लोकांनी दिलेला वेळ असा वाया जावा, हे मला खरोखर सहन होत नाही.

याच्या जागी काय हवे? निदान तीन कामे, प्रत्येकाचा कर्ता विद्यार्थी आणि वापरणारा आरोग्य विभाग.

पहिले काम साथीच्या तपासाचे. सुरुवात रुग्णाच्या व्याख्येपासून: काळ, जागा, व्यक्ती आणि लक्षणे. ‘अमुक तारखेनंतर, अमुक वस्तीत राहणाऱ्या, एक वर्षावरील ज्या व्यक्तीला २४ तासांत तीन किंवा अधिक पातळ जुलाब झाले’ असे लिहून, संशयित आणि प्रयोगशाळेने निश्चित केलेले असे स्तर ठरवून, मगच मोजणीला हात घालायचा. व्याख्या सैल राहिली तर नेहमीचे जुलाबही साथीत मोजले जातात. फार घट्ट केली तर सौम्य रुग्ण सुटतात आणि मृत्यूचे प्रमाण फुगते. लाइन लिस्टमध्ये, म्हणजे रुग्णांच्या यादीत, एका व्यक्तीची एकच ओळ. एकच नाव दोन तऱ्हांनी लिहिलेले, वय सगळ्यांचे पाच किंवा शून्याने संपणारे, दिवस आणि महिना अदलाबदल झालेले, हे सगळे इथे भेटते. सर्वांत जास्त गोंधळ तारखेचा. साथीचा आलेख लक्षणे सुरू झाल्याच्या तारखेवर काढायचा असतो, आणि हाती मिळते ती नोंदीची तारीख. शिवाय आजारी पडून नोंद व्हायला दोन-तीन दिवस लागत असतील तर आलेखाची शेवटची टोके नेहमीच खाली उतरलेली दिसतात. ‘साथ ओसरली’ अशी घोषणा या उतारावर झाल्याची उदाहरणे कमी नाहीत. नोंदीला सरासरी किती उशीर होतो हे मोजून, शेवटचे तितके दिवस आलेखात वेगळ्या छटेत दाखवावेत.

मग तुलना. टाकीचे पाणी प्यायलेल्या ८० पैकी ४८ आजारी, म्हणजे ६० टक्के, न प्यायलेल्या ४० पैकी ४, म्हणजे १० टक्के, धोका सहापट. परीक्षेत इथे गुण मिळतात. तपासात मात्र इथून काम सुरू होते. न पिता आजारी पडलेले चार कोण? त्यांनी टाकीच्या पाण्याने भांडी धुतली का, बर्फ खाल्ला का, की घरातल्या रुग्णाची शुश्रूषा केली? पिऊनही बरे राहिलेले ३२ जण पाणी उकळत होते का? आजारी लोकांची मुलाखत रुग्णालयात, निवांत, नातेवाइकांच्या मदतीने झाली आणि बाकीच्यांची घाईत फोनवर, तर आठवणीतला फरकच ‘सहापट’ म्हणून समोर येऊ शकतो. विचारणाऱ्याला टाकीचा संशय आहे हे गावभर झाले असेल तर आणखीच. ही जाण पुस्तकातल्या ‘बायस’च्या (एकाच बाजूला झुकणाऱ्या चुकांच्या) वर्गीकरणाने येत नाही, चार माणसांकडे परत जाऊन विचारल्याने येते.

दुसरे काम सर्व्हिलन्सच्या, म्हणजे आजारांवर सतत नजर ठेवणाऱ्या नोंदयंत्रणेच्या, मूल्यमापनाचे, आणि माझ्या मते तेच सगळ्यांत मोलाचे. एक आजार घ्यायचा. केंद्राच्या रजिस्टरमधल्या एका नोंदीचा राष्ट्रीय बेरजेपर्यंतचा प्रवास पायरी-पायरीने पाहायचा: कोण लिहिते, कोण बेरीज करते, कोण टाइप करते, प्रत्येक पायरीला किती दिवस. रजिस्टर स्वतः मोजायचे. वर कळवलेले रुग्ण ७६ आणि रजिस्टरमध्ये ५७ सापडत असतील तर पडताळणीचे गुणोत्तर ०.७५; मग उरलेले १९ कुठून आले ते शोधायचे. कधी दुसरे रजिस्टर असते, कधी मागच्या महिन्याचे आकडे मिसळलेले असतात, कधी लक्ष्य गाठल्याचे दाखवायचे असते.

लसीकरणाची टक्केवारी याच कामात हाताळावी. अपेक्षित बालके १,२५०, पहिला डोस १,३५० जणांना: व्याप्ती १०८ टक्के. वर्गात शिकलेला विद्यार्थी इथे दोनपैकी एक करतो, आकडा चुकीचा म्हणून टाकून देतो किंवा शंभरावर छाटतो. दोन्हींत माहिती मरते. छेद बहुधा जुन्या जनगणनेवरून पुढे काढलेला अंदाज असतो. वस्ती वाढली असेल, शेजारच्या भागातली मुले इथे येत असतील, वय उलटून गेलेल्या मुलांचे डोसही याच रकान्यात लिहिले जात असतील. प्रत्येक शक्यतेचा तपास वेगळा. आणि छेद सुधारेपर्यंत हात बांधून बसायचेही कारण नाही. तिसरा डोस १,१६१ जणांना मिळाला असेल तर पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंतची गळती १८९ भागिले १,३५०, म्हणजे १४ टक्के. या हिशेबाला जनगणना लागतच नाही, दोन्ही आकडे एकाच रजिस्टरचे आहेत. लगेच वापरता येणारा असा आकडा ओळखता येणे हे कौशल्य आहे आणि ते शिकवता येते.

संगणकाची बाजूही याच कामात येते. ऑक्टोबर २०२० मध्ये लक्षात आले की इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातल्या दैनंदिन आकड्यांतून गळाले. प्रयोगशाळांचे निकाल जुन्या एक्सेल साच्यात ओढले जात होते. त्या साच्यात एका पानावर ६५,५३६ ओळीच मावतात, आणि एका रुग्णाला अनेक ओळी लागत होत्या. पान भरले की पुढची माहिती गुपचूप गळत गेली. नुसते आकडे चुकले असते तर ते दुरुस्त करून भागले असते. या लोकांच्या संपर्कातल्यांचा शोधही तितके दिवस रखडला. आलेल्या आणि गेलेल्या ओळींची संख्या दर टप्प्याला ताडून पाहणे, मूळ फाइलला हात न लावणे, प्रत्येक बदल स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवणे, या सवयींचा अभ्यासक्रमात स्वतंत्र पेपर असावा असे मी म्हणत नाही. प्रत्येक पेपरात त्यांना गुण असावेत.

तिसरे काम छोटे: निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यासाठी दोन पानांचे टिपण. काय आढळले, किती खात्रीने, काय करावे, कोण करेल, किती दिवसांत. ५,००० घरांची तपासणी सुचवायची असेल तर एक कर्मचारी दिवसाला २५ घरे करतो, २० कर्मचारी मिळाले तर दहा दिवस लागतील, आणि त्या दहा दिवसांत त्यांचे कोणते नेहमीचे काम थांबेल, हेही लिहायचे. शेवटचे वाक्य नसलेली टिपणे फाइलीतच राहतात.

यावर पहिला आक्षेप येतो तो सिद्धांत पातळ होण्याचा. मला नेमकी उलट गरज दिसते. एक टक्का लोकांना असलेल्या आजाराची चाचणी घ्या. संवेदनशीलता (आजाऱ्याला आजारी ठरवण्याचे प्रमाण) ९५ टक्के, विशिष्टता (निरोग्याला निरोगी ठरवण्याचे प्रमाण) ९५ टक्के. दहा हजार लोकांत शंभर आजारी, त्यांतले ९५ सापडतात. उरलेल्या ९,९०० पैकी ४९५ निरोगी लोकही पॉझिटिव्ह ठरतात. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी खरे आजारी १६ टक्केच. हे ज्याच्या हाडीमाशी खिळलेले नाही त्याने गावभर तपासणी मोहीम सुचवली तर शेकडो निरोगी लोकांची झोप उडेल आणि पुढच्या तपासण्यांची रांग खऱ्या रुग्णांना अडवेल. तसेच कन्फाउंडिंगचे, म्हणजे तिसऱ्याच कारणामुळे दोन गोष्टींत संबंध भासण्याचे. रजोनिवृत्तीनंतर संप्रेरके घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो असे निरीक्षणात्मक अभ्यास वर्षानुवर्षे सुचवत होते. २००२ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या यादृच्छिक चाचणीत संयुक्त संप्रेरकांनी धोका वाढलेला दिसला. फरकाचे एक मोठे कारण म्हणजे संप्रेरके घेणाऱ्या स्त्रिया मुळातच सुस्थितीतल्या आणि तब्येत जपणाऱ्या होत्या. क्षेत्रात काम करणाऱ्याला असे पेच रोज पडतात, म्हणून त्याला सिद्धांत अधिक खोल लागतो. वर्गातले तास कमी होतील ते व्याख्यांच्या पाठांतराचे व्हावेत. परीक्षा पुस्तके उघडी ठेवून घ्यावी: तीन तास, एक न साफ केलेली फाइल, आणि एकच प्रश्न, या माहितीवरून काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे: विद्यार्थी आरोग्य विभागाचे फुकटचे हात होतील. होतात. फॉर्म टाइप करण्यात सहा महिने गेल्याची तक्रार अनेक ठिकाणी ऐकू येते. यावर उपाय कागदावर लिहूनच करावा लागतो. विद्यापीठ आणि विभाग यांच्यात करार हवा. त्यात मार्गदर्शकाचे नाव, आठवड्याला किमान दोन तास समोरासमोर चर्चा, एका मार्गदर्शकाकडे जास्तीत जास्त तीन विद्यार्थी, आणि विद्यार्थ्याला भत्ता. भत्त्याशिवाय अशी पदवी केवळ सुस्थितीतल्यांना परवडते आणि ज्यांच्या वस्त्यांत हे आजार आहेत त्यांची मुले बाहेर राहतात. माहितीच्या मालकीचेही आधीच ठरवावे. विभागाला आपल्या त्रुटी बाहेर गेलेल्या नको असतात, हे समजण्यासारखे आहे. म्हणून नावे वगळलेला अहवाल परीक्षकांपुढे ठेवण्याचा हक्क विद्यार्थ्याला असावा आणि विभागाला उत्तर लिहायला तीस दिवस मिळावेत. अहवाल अडवण्याचा अधिकार मात्र नसावा.

यातून प्रवेशसंख्येवर आपोआप मर्यादा येते, आणि ती यायलाच हवी. मार्गदर्शक वीस असतील तर एका वेळी साठ विद्यार्थी. जागा शुल्काच्या गणितावरून ठरल्या की नंतर दोनशे जणांसाठी प्रत्यक्ष काम शोधता शोधता प्रश्नावलीचा प्रबंध परत येतो. पूर्ण ऑनलाइन पदव्यांचाही अडथळा हाच आहे. सांख्यिकी दुरून उत्तम शिकवता येते. रजिस्टर मोजायला माणूस तिथे जावा लागतो. आधीच आरोग्यसेवेत असलेल्यांसाठी मात्र दूरशिक्षण आणि त्यांच्याच कार्यालयातले काम यांची जोड चांगली बसते.

प्रवेश कोणाला, याबद्दल थोडक्यात. ही पदवी डॉक्टरांसाठी राखून ठेवण्याची प्रथा जिथे आहे तिथे ती सोडावी. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध १९५० मध्ये रिचर्ड डॉल यांच्यासह दाखवणारे ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल वैद्यकाचे पदवीधर नव्हते, अर्थशास्त्राचे होते. परिचारिका, अभियंते, समाजशास्त्रज्ञ, संख्याशास्त्रज्ञ एका वर्गात बसले की टाकीच्या उदाहरणात पाइपचा दाब कमी झाल्यावर बाहेरचे पाणी आत खेचले जाते हे कोणीतरी सांगणारा असतो. पहिल्या सत्रात डॉक्टरांना सांख्यिकीचा आणि इतरांना आजारांच्या नैसर्गिक वाटचालीचा पूरक वर्ग द्यावा, एवढीच तजवीज लागते.

सगळ्यांत अवघड भाग शिक्षकांचा आहे. पदोन्नती जोवर शोधनिबंधांच्या संख्येवर ठरते, तोवर विद्यार्थ्याबरोबर आठवडाभर रजिस्टरे मोजायला जाणारा प्राध्यापक स्वतःचे नुकसान करून घेतो. म्हणून निकषच बदलायला हवेत. आरोग्य विभागाने लेखी स्वीकारलेला सर्व्हिलन्स मूल्यमापनाचा अहवाल एका शोधनिबंधाइतका धरावा. दर पाच वर्षांत प्रत्येक शिक्षकाने निदान सहा महिने एखाद्या आरोग्य विभागात प्रत्यक्ष पदावर काम करावे आणि त्या काळात त्याची ज्येष्ठता व वेतन अबाधित राहावे. आणि विभागातल्या अनुभवी अधिकाऱ्यांना डॉक्टरेट नसली तरी मार्गदर्शक म्हणून मान्यता, मानधन आणि गुणपत्रिकेवर सहीचा अधिकार द्यावा. यांतली पहिली तरतूद विद्यापीठाच्या एका ठरावाने होऊ शकते. तिथून सुरुवात करावी.